घारापुरी, गेटवे, मरीन ड्राइव्ह वगैरे एका दिवसात : मेव्हण्याचं ऐकू नका, माझं ऐका

आधी निकाल सांगतो. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी घारापुरी, म्हणजे एलिफंटाची लेणी, सोडून द्यावी. ज्यांना घारापुरी बघायचीच आहे त्यांनी बाकीची मुंबई सोडावी. दोन्ही होतं असं सांगणारा माणूस स्वतः घारापुरीला गेलेला नसतो. आमच्या बाबतीत तो माणूस म्हणजे माझा मेव्हणा. बावीस वर्षं डोंबिवलीत राहतो. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा ठिकाणांची यादी पाठवली आणि खाली लिहिलं, "दाजी, आरामात होतं."

यादी अशी : सीएसएमटी, गेटवे, घारापुरी, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, राजाबाई टॉवर, हुतात्मा चौक, मरीन ड्राइव्ह, म्हातारीचा बूट, हाजी अली, सी लिंक, सिद्धिविनायक. आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. डिसेंबरातला रविवार. रात्रीच्या गाडीनं कोल्हापूरहून निघून सकाळी साडेसातला सीएसएमटी. रात्रीच्याच गाडीनं परत.

बॅगा क्लोकरूमला टाकल्या. बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत. आमच्या एका बॅगेला नव्हतं, म्हणून बाहेर जाऊन कुलूप घेऊन आलो, त्यात वीस मिनिटं गेली. तुम्ही घरूनच न्या.

स्टेशनाबाहेर पडल्यावर पहिली चूक केली. टॅक्सीवाल्यानं विचारलं, "गेटवे? दोनशे, फिक्स." बसलो. गेटवे तिथून जेमतेम तीन किलोमीटर. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला साधारण २१ असा दर आहे. म्हणजे मीटरनं साठ-पासष्ट झाले असते. हा हिशेब मी नंतर बोटीत बसून केला, आणि बायकोनं तो दिवसभरात चार वेळा ऐकला. मीटर टाकत नसेल तर उतरा, मागं दुसरी उभी असते. बस तर दहा रुपयांत सोडते. आणि रिक्षा शोधत बसू नका, शहराच्या या भागात रिक्षाला परवानगीच नाही. वांद्रे-शीवच्या अलीकडे ती दिसत नाही.

गेटवेला साडेआठला पोचलो. बॅग तपासून आत सोडतात. २६ मीटर उंचीची ती पिवळसर बेसॉल्टची कमान पंचम जॉर्ज १९११ मध्ये इथं उतरला त्याच्या आठवणीसाठी बांधली, आणि पुरी झाली १९२४ मध्ये. म्हणजे राजा आला तेव्हा कमान नव्हती. पण गोऱ्या सैन्याची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ ला याच कमानीतून बाहेर पडली, ते मला जास्त आवडलं. कमान समोरून बघायला पाच मिनिटं पुरतात. उरलेला वेळ फोटोवाले खातात. "एकच काढतो साहेब" म्हणून त्यानं अकरा काढले आणि आम्ही नको म्हणेपर्यंत प्रिंटा हातात. चार घेऊन सुटका करून घेतली. एकाही फोटोत मुलीचे डोळे उघडे नाहीत. हात जोडून पुढं चालायला लागा, थांबलात की संपलं.

आता घारापुरी. इथं जरा सविस्तर लिहितो, कारण कुणीच लिहीत नाही.

बोटीचं तिकीट खिडकीवर मिळतं, जाऊन-येऊन. आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना २६०. मला वाटलं झालं, पैशाचं प्रकरण मिटलं. पायऱ्यांवरून बोटीत चढताना लक्ष द्या. शेवटच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, आणि आपली बोट धक्क्याला लागलेली नसते, दुसऱ्या बोटीला लागलेली असते. म्हणजे एका हलत्या बोटीतून दुसऱ्या हलत्या बोटीत उडी. खलाशी हात देतात, चांगले देतात. पण साडी, टाचेच्या चपला किंवा कडेवरचं पोर असेल तर आधीच विचार करा. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला, लाजू नका. १८ डिसेंबर २०२४ ला याच वाटेवरच्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून माणसं गेली आहेत. आमच्या बोटीत निम्म्या लोकांनी ते जॅकेट बुडाखाली घेतलं होतं.

वर हवा छान, म्हणून वरच्या मजल्यावर बसलो. बोट सुटली, पाच मिनिटं गेली आणि एक पोरगा आला : वर बसायचे वेगळे पैसे. खाली जावं तर खाली जागा नाही. दिले. तासाभरानं बेटाच्या लांबलचक धक्क्यावर उतरलो. समोर छोटी रेल्वे, तिचं तिकीट. मुलीनं हट्ट धरला, दिले. ती गाडी आपल्या चालण्यापेक्षा फार जोरात जात नाही, आणि अंतर दहा-पंधरा मिनिटांचं आहे. चाला. पुढं ग्रामपंचायतीचा माणशी कर. तो द्यायला माझी तक्रार नाही, या गावात वीज २०१८ साली पोचली, त्यांना लागतातच पैसे. पायऱ्या चढून वर गेलं की पुरातत्त्व खात्याचं तिकीट, भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुकट. रांग टाळायची तर हे मोबाइलवर आधीच काढता येतं, पण वर गेल्यावर रेंजची खात्री धरू नका, गेटवेलाच काढा.

मोजा आता. एका लेण्यासाठी पाच ठिकाणी खिशात हात. सगळे मिळून आकडा फार मोठा होत नाही, ते मला कळतं. पण आधी सांगा ना बाबांनो एकदाच! दर वेळी वाटतं, हे शेवटचं. सुटे नोटा जवळ ठेवा, एवढंच सांगतो.

पायऱ्या सव्वाशेच्या आतल्याच आहेत. "फार चढ आहे" म्हणून खाली डोलीवाले घाबरवतात. ज्यानं पन्हाळा किंवा जोतिबा केलाय त्याच्यासाठी हा चढच नाही. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत आणि वर ताडपत्र्या, त्यामुळे ऊनही लागत नाही. त्रास माकडांचा. हातातली पाण्याची बाटली, चिप्सची पिशवी, काहीही उघडं दिसलं की गेलं. आमचा पेरूचा फोडींसकट कागद गेला. वर पाणी छापील किमतीत मिळेल ही आशा सोडा, बाटली पिशवीत घालून न्या.

आणि एवढं सगळं सोसून आत गेल्यावर? काय सांगू. पहिल्या लेण्यात डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही दिसत नाही, आणि मग समोरच्या भिंतीतून ती सदाशिवाची तीन मुखं हळूहळू वर येतात. सुमारे वीस फूट. दीड हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचं काम. उजवीकडचं मुख कोवळं, हातात कमळ; डावीकडचं रागीट, मधलं डोळे मिटलेलं. बायको मधल्यासमोर दहा मिनिटं उभी राहिली, काही बोलली नाही. त्या दहा मिनिटांत मी टॅक्सीचा हिशेब विसरलो होतो. शेजारचा अर्धनारीनटेश्वर आणि गंगाधर जरूर बघा. अंधकासुरवधाचा शिव कमरेखाली तुटलेला आहे, तरी अंगावर येतो. पुढच्या लेण्यांत कामं अर्धवट आहेत, वेळ कमी असेल तर जाऊ नका. तोफांच्या टेकडीवर आम्ही गेलो नाही.

मुलीचा मात्र एकच प्रश्न : हत्ती कुठाय? तिला शाळेत एलिफंटा म्हणून सांगितलेलं. खरी गोष्ट अशी की हत्ती बेटावर नाहीच. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून हे नाव ठेवलं तो १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना पडून फुटला. त्याचे तुकडे मुंबईत आणले, जोडले, आणि आता तो भायखळ्याला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. हे तिला पटलं नाही. म्हणाली, मग आपण इथं का आलो?

परतीचा टप्पा हा या सहलीचा सगळ्यात वाईट तास. एकला धक्क्यावर आलो तर उन्हात रांग. बोट भरली की सुटते, आणि ज्या बोटीनं आलात तिच्याच तिकिटावर परत चढता येतं, त्यामुळे तिकीट जपून ठेवा. आमच्यापुढं एका गृहस्थांनी येतानाच ते फाडून टाकलं होतं, त्यांचं काय झालं ते बघायला थांबलो नाही. सव्वा तास उभे होतो, सावली शून्य. मुलगी शेवटी खालीच बसली. रविवारी जाऊ नका. सोमवारी तर जाऊच नका, लेणी बंद असतात. मधल्या वारी, सकाळी नऊच्या पहिल्या बोटीनं जा आणि बाराच्या आत परत फिरा.

बोटीत एक म्हातारे खलाशी भेटले, त्यांना मी यादी दाखवली. हाजी अलीवर बोट ठेवून म्हणाले, "तिथी बघितली का?" भरतीला दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते. तिथीला पाऊणनं गुणायचं, तेवढ्या वाजता भरती, असा त्यांचा हिशेब. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या सुमारास मोठी भरती. अमावास्येलाही तसंच. मेव्हण्याच्या यादीत लिहिलं होतं, "कधीही जा."

गेटवेला साडेतीन. पुन्हा टॅक्सीवाला : "म्युझियम? दीडशे." मी बसायच्या बेतात होतो. शेजारचा शेंगदाणेवाला हसला आणि म्हणाला, तो घुमट दिसतोय ना, तेच. चालत दहा मिनिटं! दीडशे रुपये, दहा मिनिटांच्या चालीला. त्या शेंगदाणेवाल्याकडून पाच पुड्या घेतल्या.

वस्तुसंग्रहालय उत्तम आहे. काहीही त्रास झाला नाही, त्यामुळे लिहिण्यासारखं विशेष नाही. सहाला बंद होतं.

तिथून पुढं सगळं पायीच करा. ओव्हल मैदानाच्या मध्ये उभं राहिलं की एका हाताला राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाची गॉथिक रांग, दुसऱ्या हाताला आर्ट डेको इमारती. हे सगळं मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशात गेलं. शेअर बाजारातल्या प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावानं मनोऱ्याला पैसे दिले, तो ८५ मीटर आहे, हे मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या एका पोरानं मला ऐकवलं, आणि लगेच "काका, बॉल" म्हणाला. हुतात्मा चौक दिवसा वाहनांच्या गराड्यात असतो, पण तिथं थांबल्याशिवाय मराठी माणसानं पुढं जाऊ नये. आम्ही थांबलो.

सहाला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर. सूर्य पाण्यात गेला आणि साडेतीन किलोमीटरची दिव्यांची कमान एकेक करून पेटली. पाय इतके दुखत होते की मी बूट काढून बसलो. फुकट आहे. कुणी तिकीट विचारत नाही. माझ्या दिवसातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बरी जागा, आणि मी दमलेला असल्यामुळे हे बोलत असेन तर असो. म्हातारीचा बूट, हाजी अली, सी लिंक, सिद्धिविनायक : चारही रद्द. अकरातले सात झाले.

सीएसएमटीला परत बसनं. रात्री समोरच्या महापालिकेच्या बाजूनं इमारत बघा, दिव्यात ती सकाळपेक्षा कितीतरी उजवी दिसते. फाटकावरचे सिंह आणि वाघ सकाळी घाईत दिसलेच नव्हते. मुलीनं वर घुमटावरची बाई दाखवली, हातात मशाल घेतलेली.

फलाटावर असताना मेव्हण्याचा फोन आला. "कसं झालं दाजी? सिद्धिविनायकाला गर्दी होती का?" मी म्हटलं, तू एकदा घारापुरीला जाऊन ये. तो म्हणाला, जायचंच आहे एकदा.

पुढच्या सुट्टीत भायखळा ठरलंय, हत्तीसाठी. ते संग्रहालय बुधवारी बंद असतं, हे या वेळी मी स्वतः बघून ठेवलंय.