पुन्हा सॅक्सोफोन हाती घेताना

कॉलेजच्या दिवसांत सॅक्सोफोन शिकून पुढे नोकरी आणि संसारात तो माळ्यावर ठेवून दिलेली माणसे चाळिशी-पन्नाशीत पुन्हा वाजवू लागतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘आता नवा कोणता घ्यावा?’ असा असतो. माझ्या मते हा प्रश्न निदान वर्षभर लांबणीवर टाकावा. जुने वाद्य बऱ्या बनावटीचे असेल, उदाहरणार्थ यामाहाचा विद्यार्थ्यांसाठीचा ऑल्टो (मध्यम आकाराचा सॅक्सोफोन) असेल, तर इतक्या वर्षांत खराब झालेले असते ते पितळ नव्हे. खराब होतात ती पॅड, कॉर्क आणि क्वचित एखादी स्प्रिंग, आणि हे सारे बदलता येते.

पॅड म्हणजे चामड्यात गुंडाळलेली नमद्याची चकती. ती वर्षानुवर्षे न वापरता राहिली की कडक होते, आणि मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत तिच्यावर बुरशीही धरते. मग छिद्र पूर्ण बंद होत नाही आणि हवा गळू लागते. याचा पहिला फटका खालच्या सी, बी आणि बी-फ्लॅट या सुरांना बसतो, कारण ते वाजवताना नळीवरची जवळजवळ सगळी छिद्रे बंद असावी लागतात. हे सूर फुटत असतील किंवा मुळीच उमटत नसतील, तर स्वतःच्या दमाला दोष देण्याआधी अंधाऱ्या खोलीत नळीमध्ये एक छोटा दिवा सोडावा आणि कळा दाबून पॅडच्या कडेने उजेड झिरपतो का ते पाहावे. जी-शार्पची कळ चिकटून बसली असेल तर मात्र घाबरू नये. ते पॅड एरवी बंदच असते, म्हणून ओल धरून चिकटते, आणि पातळ कागद मध्ये धरून हलकेच दाबल्याने बहुतेक वेळा सुटते. बाकीचे काम सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांची दुरुस्ती जाणणाऱ्या कारागिराकडे द्यावे. घरगुती डिंकाने पॅड चिकटवण्याचा उद्योग करू नये.

पेटीत सापडलेल्या जुन्या रीड मात्र सरळ टाकून द्याव्यात. रीड ही माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावर, बसवलेली बोरूसारख्या पोकळ वनस्पतीची पातळ पट्टी असते, तिच्या कंपनातूनच सूर उमटतो; ती वाळून वाकते आणि आरोग्याच्या दृष्टीनेही ती तोंडात घालण्याजोगी राहत नाही. क्रमांक जितका मोठा तितकी रीड कडक; पूर्वी आपण ३ क्रमांकाची रीड वाजवत होतो, हा अभिमान येथे कामाचा नाही. २ किंवा फार तर अडीच क्रमांकापासून सुरुवात करावी आणि तीन-चार रीड आलटून पालटून वापराव्यात. माउथपीस यामाहा ४सी किंवा सेल्मरचा एस८० सी-स्टार असा मध्यम तोंडाचा, म्हणजे टोकाशी रीडपासून मध्यम अंतर असलेला, असला की पुरे. जॅझ वाजवायचे म्हणून रुंद तोंडाचा धातूचा माउथपीस आधीच घेऊन बसणाऱ्यांना ओठ आवरता येत नाहीत, हे मी वारंवार पाहिले आहे. जुना एबोनाइटचा (कडक काळ्या रबराचा) माउथपीस गरम पाण्याने धुऊ नये, त्याचा रंग उडतो आणि गंधकाचा वास येतो. आणखी एक गोष्ट, गळ्यातला पट्टा इतका वर घ्यावा की माउथपीस तोंडाशी येईल. तोंड माउथपीसकडे झुकवावे लागले की मान दुखणारच.

आता रियाज. परतणाऱ्याची खरी अडचण अशी, की बोटांना जुने सारे आठवत असते, पण ओठांभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी तो आवडते गाणे वाजवू पाहतो आणि पंधरा मिनिटांत ओठ थकून कडेने हवा सुटू लागते. अशा वेळी माणूस खालचा ओठ दातांवर चावून धरतो, सूर चढा लागतो, आणि ही खोड पुढे जाता जात नाही. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत दहा-दहा मिनिटांच्या दोन बैठका एका लांबलचक बैठकीपेक्षा बऱ्या. नुसता माउथपीस फुंकून पाहावा: ऑल्टोवर साधारण पांढरी सहा (पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत, म्हणजे पाश्चात्त्य ए) मिळाली तर ओठांचा दाब योग्य आहे, त्याहून बराच चढा सूर आला तर आपण चावतो आहोत असे समजावे. मग मधल्या जी पासून एकेक सूर, हळू सुरू करून वाढवत आणि पुन्हा उतरवत, दमभर धरावा.

हा लांब सूर धरताना तंबोऱ्याची साथ घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. ट्यूनरच्या काट्याकडे पाहणारा डोळ्यांनी वाजवतो. तंबोऱ्यावर मात्र सूर किंचित हलला तरी कानाला खुपतो. सॅक्सोफोनवर बोटांचे नाव आणि ऐकू येणारा सूर वेगळे असतात: ऑल्टोवर सी ची बोटे धरली की प्रत्यक्षात काळी दोन वाजते, आणि टेनरवर, म्हणजे त्याहून मोठ्या सॅक्सोफोनवर, काळी पाच. म्हणून ऑल्टोवाल्याने तंबोरा काळी दोनमध्ये लावला तर सोप्या सी च्या सप्तकातच सगळे शुद्ध स्वर मिळतात. घरात कोणी काळी चारमध्ये गात असेल, तर त्यांच्याबरोबर एफ ला षड्ज धरावा. कर्नाटक संगीतात कद्री गोपालनाथ यांनी याच वाद्यावर गमकांसह राग उभे केले, तेव्हा कळांचे वाद्य आपल्या संगीताला चालत नाही ही शंका मनातून काढून टाकायला हरकत नाही. तरी मींड आणि आंदोलने लांब सूर स्थिर होईपर्यंत बाजूला ठेवावीत, कारण ती ओठ आणि जबड्यावरच अवलंबून असतात.