जुन्या स्कोपची दुरुस्ती : आमची वाटचाल

पुण्यातल्या तपकीर गल्लीजवळ दहा बाय बाराची खोली भाड्याने घेतली, तेव्हा माझ्याकडे एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंग आयर्न आणि रविवारच्या जुन्या बाजारातून वजनावर आणलेला टेक्ट्रॉनिक्स 465 स्कोप होता. स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप, विजेचे सिग्नल पडद्यावर रेघेच्या रूपात दाखवणारं यंत्र. 1972 साली आलेलं हे 100 मेगाहर्ट्झचं मॉडेल. पडदा काळाठिक्कर. तीन रात्री सर्किट डायग्राम पुढ्यात घेऊन आतल्या वीजपुरवठ्याची एकेक लाइन मोजली. एका लाइनवर व्होल्टेज जवळजवळ शून्य होतं. दोष निघाला हरभऱ्याएवढ्या टँटॅलम कॅपॅसिटरमध्ये. तो शॉर्ट झाला की अख्खी लाइन बसते. तो बदलला आणि हिरवी रेघ उमटली. त्या रेघेनेच मला नोकरी सोडायला लावली.

कामं भोसरी-चिंचवडच्या छोट्या कारखान्यांकडून आणि कॉलेजच्या लॅबमधून येऊ लागली. अडायचं ते पार्टपाशी. एका व्यापाऱ्याकडून महागडी आयसी (चिप) घेतली; अ‍ॅसिटोनने पुसली तर छपाई निघून आली आणि खाली भलताच नंबर! तेव्हापासून जुनी आयसी पुसून, तपासूनच बोर्डावर चढते. कंपनीने फक्त स्वतःसाठी बनवलेल्या आयसी तर बाजारात मिळतच नाहीत, त्या दुसऱ्या मेलेल्या मशीनमधूनच काढाव्या लागतात. म्हणून आमच्याकडे मेलेलं मशीनही भंगारात जात नाही.

एचपी 8640बी या सिग्नल जनरेटरने (चाचणीसाठी हवा तो सिग्नल तयार करून देणाऱ्या यंत्राने) मात्र वेगळी वाट दाखवली. त्याची प्लॅस्टिकची दातेरी चाकं वयानुसार तडकतात, मग नॉब नुसताच फिरतो. तुकडे डबीत घालून भोसरीच्या एका टूलरूममध्ये नेले. "अहो, एका नगासाठी सेटिंग लावायचं?" मालक म्हणाले. तरी दाते मोजून त्यांनी पितळेचं चाक कापून दिलं, तेही असं की पहिल्याच फटक्यात बसलं. असे कारागीर अर्ध्या तासावर आहेत, म्हणून हा धंदा पुण्यात उभा राहिला असं मी मनापासून मानतो.

आता सर्वात जास्त काळजी वाटते ती टेक्ट्रॉनिक्सच्याच 2465बी या स्कोपची. त्याच्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे मोजमाप अचूक ठेवणाऱ्या जुळणीचे, आकडे मेमरीत असतात आणि ती मेमरी जगते छोट्या लिथियम बॅटरीवर. काही बोर्डांवर ही बॅटरी चिपच्या पोटातच असते. ती संपली की आकडे गेले. मग सगळं कॅलिब्रेशन नव्याने करावं लागतं. बॅटरीत जीव असेल तर आम्ही आधी आकडे वाचून घेतो, नव्या चिपमध्ये भरतो आणि मगच पुढचं काम करतो. त्यामुळे तुमचा 2465बी नीट चालत असला, तरी चालू आहे तोवरच एकदा घेऊन या.