तुम्ही विचारलेत म्हणून: कोन्बिनीतला केक की बेकरीतला पाव?

जपानला निघालेली ओळखीची माणसे मला एक प्रश्न हमखास विचारतात: तिथल्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांतले, म्हणजे कोन्बिनीतले, केक आणि गोड पदार्थ खरेच इतके चांगले असतात का, आणि असतील तर मुद्दाम बेकरी शोधत कशाला हिंडायचे? नोकरीनिमित्त टोकियोत राहत असल्यामुळे दोन्हीकडचे मनसोक्त खाणे झाले आहे. त्यावरून माझे उत्तर असे की, जे थंडगार खायचे ते कोन्बिनीतून घ्यावे आणि जे भट्टीतून निघते ते बेकरीतून.

कोन्बिनीचे सारे बळ तिच्या पुरवठ्यात आहे. सेव्हन-इलेव्हन या कोन्बिनी साखळीचे जपानमधले पहिले दुकान 1974 मध्ये टोकियोच्या तोयोसु भागात उघडले. आज अशा दुकानांत दिवसातून अनेकदा माल येतो, आणि क्रीमचा पदार्थ कारखान्यापासून दुकानातल्या कपाटापर्यंत सतत थंड राहतो. पाकिटावर खाण्याची शेवटची तारीख बहुधा अगदी जवळची असते. लॉसन या दुसऱ्या साखळीने 2009 मध्ये बाजारात आणलेला ‘प्रीमियम रोल केक’ या सगळ्याचा चांगला नमुना आहे. हा केक आडवा ठेवलेला असतो, मध्ये पांढऱ्या क्रीमचे मोठे वर्तुळ आणि भोवती स्पंजचे फक्त एक कडे, त्यामुळे तो कापून न खाता सरळ चमच्याने खातात. त्या क्रीमला आधी दुधाची चव लागते, गोडी मागून येते आणि तीही बेताचीच. आपल्याकडच्या वाढदिवसाच्या केकवर बहुधा वनस्पती तेलाचे व्हिप टॉपिंग असते आणि ते टाळूला चिकटून बसते. त्याची सवय झालेल्या माणसाला हा फरक पहिल्याच चमच्यात कळतो. असे पदार्थ साधारण 200 ते 400 येनला मिळतात. शरद ऋतूत चेस्टनट, थंडीपासून पुढे स्ट्रॉबेरी, वसंतात साकुरा म्हणजे चेरीचा फुलोरा, असा मालही सतत बदलत असतो. यांपैकी चेस्टनटचे पदार्थ चुकवू नयेत. साकुराच्या नावाखाली येणारी गुलाबी क्रीम मात्र बहुतेक वेळा फोटोपुरतीच असते, असे माझे मत आहे.

पावाच्या बाबतीत पारडे फिरते. मेलनपानचेच पाहा (जपानीत ‘पान’ म्हणजे पाव). मऊ कणकेच्या गोळ्यावर बिस्किटाच्या पिठाची पारी चढवून तिच्यावर चौकटी कोरतात आणि तो भाजतात. भट्टीतून निघाल्यावर वरचा थर खुसखुशीत आणि आतला पाव लुसलुशीत असतो, आणि सगळी गंमत या दोहोंच्या विरोधातच आहे. पाकिटात बंद झाल्यावर आतला ओलावा वरच्या थरात उतरतो आणि दोन्ही एकसारखे मऊ पडतात. कोन्बिनीतला मेलनपान वाईट नसतो, पण त्याची ही गंमत गेलेली असते. कोणता पाव किती वाजता भट्टीतून निघणार याचे वेळापत्रक पुष्कळ बेकऱ्या लावून ठेवतात. ते पाहून त्या वेळी जावे, दाराशी ठेवलेला ट्रे आणि चिमटा घ्यावा आणि हवे ते आपल्या हाताने उचलावे.

बेकरीत आधी काय खावे असे विचाराल तर, आनपान. यासुबेई किमुरा या पूर्वाश्रमीच्या सामुराईने 1869 मध्ये टोकियोत बेकरी काढली आणि 1874 मध्ये आझुकी या लाल कडधान्याचे गोड सारण भरलेला हा पाव विकायला आणला. पाव फुगवायला त्याने साके ही तांदळाची दारू करतात तसे तांदूळ आणि कोजी या बुरशीचे आंबवण वापरले. 1875 च्या 4 एप्रिलला हा पाव सम्राट मेईजींना दिला गेला, तेव्हा त्याच्या बेंबीत खारवलेले चेरीचे फूल बसवलेले होते. टोकियोच्या गिंझा भागातल्या, त्याच बेकरीच्या किमुराया दुकानात तो आजही मिळतो. मधोमध ते खारट फूल दाताखाली आले की सारणाची गोडी एकदम उजळते. पुरणावर वाढलेल्या आपल्या जिभेला हे सारण परके वाटत नाही. फक्त त्यात गूळ, वेलची आणि जायफळ शोधू नये. सालासकट असते ते त्सुबुआन आणि चाळून मऊ केलेले ते कोशिआन. मला पहिले अधिक आवडते.

क्रीमपानचे, म्हणजे कस्टर्ड भरलेल्या पावाचे, श्रेय 1904 च्या सुमाराचे आणि नाकामुराया या दुकानाचे मानले जाते. याच दुकानाच्या मालकांनी पुढे 1915 मध्ये क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना आसरा दिला आणि 1927 मध्ये बोस यांच्यामुळेच तिथे भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. विषय गोडाचा असला तरी हे दुकान ज्या भागात आहे त्या टोकियोतल्या शिंजुकूला जाणाऱ्याला हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

अंडे न खाणाऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. स्पंज, कस्टर्ड, पुडिंग आणि कासुतेरा हा जपानी स्पंज केक यांत अंडे असतेच. दोन गोल चकत्यांमध्ये आझुकीचे सारण भरलेला दोरायाकी वरून निरागस दिसतो, पण त्याच्या चकत्याही अंड्याच्याच. मूस आणि जेलीत बहुधा जिलेटिन असते आणि पावात प्राण्यांची चरबी असू शकते. पाकिटावर अंडे, दूध, गहू यांची नोंद सक्तीची आहे. तेव्हा फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून ती वाचावी. अशांनी जुन्या पद्धतीच्या मिठाईच्या दुकानात जावे हे उत्तम. तिथला दाइफुकु म्हणजे चिकट तांदळाच्या मऊ आवरणात आझुकीचे सारण. तांदळातले स्टार्च थंड झाल्यावर कडक होत जाते, म्हणून तो त्याच दिवशी संपवावा आणि फ्रीजमध्ये मुळीच ठेवू नये. कारखान्यातला दाइफुकु अधिक दिवस मऊ राहतो, पण त्यात कधीकधी अंड्याचा पांढरा भागही असतो, म्हणून तिथेही नोंद वाचावीच.

घरी काय न्यावे, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. क्रीमचे काही नेऊ नये. आझुकी, साखर आणि समुद्री शेवाळापासून काढलेले कांतेन यांचे घट्ट योकान न्यावे. साध्या योकानमध्ये अंडे नसते, दूध नसते, आणि बंद पाकिटात ते कित्येक महिने टिकते. लहान वड्यांची पाकिटे घेतली तर वाटायलाही सोपे जाते. बॅग भरताना मात्र वजनाचा अंदाज घ्यावा. योकान दिसते त्याहून बरेच जड असते.