एक ऑगस्टचा फळा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा कुणी सहलीबद्दल म्हणालं, कुणी गॅदरिंगबद्दल, कुणी कबड्डीच्या टीमबद्दल. ते सगळं लिहिणारे आहेतच. मला मात्र शाळेच्या ऑफिसच्या बाहेर व्हरांड्यात लावलेल्या दिनविशेषाच्या फळ्याबद्दल लिहायचंय, आणि त्यातही एकाच तारखेबद्दल, एक ऑगस्ट.

आपल्याकडं परिपाठात प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या झाल्या की दिनविशेष असायचा. अमक्यांचा जन्म, तमक्यांची पुण्यतिथी, दोन ओळी वाचल्या की बसा खाली, बऱ्याच शाळांत एवढंच असतं. पण आपल्या इतिहासाच्या सरांचा नियम वेगळा होता. नोंद वाचली की ते मागून विचारायचे, "बरं, मग पुढं काय झालं?" आणि ते सांगता आलं नाही तर लायब्ररीच्या तासाला शोधून दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेसमोर सांगायचं. फळा ते स्वतः लिहायचे, प्रार्थनेच्या कितीतरी आधी येऊन. ओल्या फडक्यानं पुसून फळा पूर्ण वाळेपर्यंत थांबायचे, कारण ओलसर फळ्यावर खडू नीट उमटत नाही, आणि पावसाळ्यात तर तो वाळायलाच तयार नसायचा, मग एका वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत उभे. एक ऑगस्ट ऐन पावसातला, त्यामुळं ते पुठ्ठ्यानं वारा घालणारे सर मला याच तारखेला जास्त आठवतात.

आता एक ऑगस्ट म्हणजे टिळक पुण्यतिथी, हार घातलेला फोटो आणि 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' म्हणत शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगणारी भाषणं, हे सगळ्यांना पाठ. सर त्याच्या पुढं न्यायचे. १९२० साली ३१ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळक गेले, म्हणून तारीख एक ऑगस्ट. गिरगाव चौपाटीवर दहन झालं, तुफान गर्दी, खांदा द्यायला स्वतः गांधीजी. आणि त्याच दिवशी गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून कैसर-ए-हिंद पदक परत केलं, असहकार चळवळ सुरू झाली! म्हणजे एक नेता गेला आणि त्याच तारखेला चळवळ दुसऱ्याच्या हातात आली, हे एका फळ्यावर एकाखाली एक लिहिलेलं बघितल्यावर डोक्यात जे बसतं ते पुस्तकातली दोन वेगवेगळी प्रकरणं वाचून बसत नाही.

पण तिसरी नोंद खरी. त्याच १ ऑगस्ट १९२० ला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे नावाचं पोर जन्माला आलं, म्हणजे आपले अण्णाभाऊ साठे. सगळा देश मुंबईकडं बघत होता, वाटेगावाकडं कोण बघणार. सर ही नोंद टिळकांच्या नोंदीएवढ्याच मोठ्या अक्षरात लिहायचे आणि फोटोही शेजारीशेजारी ठेवायचे, तेव्हा सगळीकडं असं होत नव्हतं, हे आमच्यातल्या कित्येकांना घरी जाऊन कळायचं. "मग पुढं?" तर हे पोर शाळेत गेलं जेमतेम दीड दिवस. पुढं बापाबरोबर गाव सोडून चालत मुंबईला, गिरणी, हमाली, पडेल ते काम, तिथं चळवळीत, अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक, संयुक्त महाराष्ट्रासाठी पोवाडे, लावण्या, लोकनाट्य, पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, १९६१ ला रशियाचा दौरा, आणि १८ जुलै १९६९ ला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोरेगावात, हलाखीतच, शेवट. 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलीय हे आम्हाला फळ्यासमोरच कळलं. ज्याला शाळेनं दीड दिवसात बाहेर काढलं त्याच्याबद्दल शाळेतच बोलायचं असतं असं सर म्हणायचे आणि त्यावेळी त्यांचा आवाज जरा चढायचा. मला ते आजही शंभर टक्के पटतं.

विज्ञानाच्या बाईंची एक नोंद ठरलेली असायची. १७७४ सालच्या याच दिवशी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीनं मोठ्या भिंगानं सूर्यकिरण एकत्र करून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं, त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती झगझगीत जळली. तो ऑक्सिजन. पण त्याला स्वतःला ते शेवटपर्यंत मान्य झालं नाही, वस्तू जळताना तिच्यातून 'फ्लॉजिस्टन' बाहेर पडतं या जुन्याच सिद्धांताला तो धरून बसला, नाव आणि खरा अर्थ दिला तो फ्रान्सच्या लाव्हाझिएनं.

१८३४ ची नोंद माझ्या वाट्याला आली होती. १ ऑगस्ट १८३४ ला ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा लागू झाला, आठ लाखांवर माणसं त्याखाली आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले पुढं काय झालं ते बघ. बघितलं तर काय, फक्त सहा वर्षांच्या आतली पोरं लगेच मोकळी, बाकीच्यांना 'शिकाऊ' म्हणून त्याच मालकांकडं राबायचं होतं, ते संपलं १८३८ ला, आणि दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना, राबणाऱ्यांना छदामही नाही. उसाच्या मळ्यात माणसं कमी पडणार म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याहून 'ॲटलस' जहाजातून करारावरचे मजूर मॉरिशसला उतरले, आणि पुढं त्याच वाटेनं आपली कोकणातली माणसंही गेली. मॉरिशसमध्ये आज मराठी माणूस आहे, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी आहे, ते यामुळं. एका कायद्याची दुसऱ्या टोकाची गाठ रत्नागिरीकडं निघाली हे शोधताना मी अक्षरशः थरारलो होतो, आणि इतिहास हाच विषय घ्यायचा हे माझं तिथंच ठरलं.

आणि १९४४. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता वॉर्सामध्ये पोलिश लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. (ॲन फ्रँकच्या डायरीतली शेवटची नोंदही त्याच तारखेची, तीन दिवसांनी तिला पकडलं.) त्रेसष्ट दिवस लढले, रशियन फौजा नदीपलीकडं पोचल्या होत्या तरी शहर पडलंच, दीड-दोन लाख साधी माणसं मेली आणि मग जर्मनांनी उरलेली घरं एकेक करून उडवली. आजही दर एक ऑगस्टला पाचच्या ठोक्याला तिथं भोंगे वाजतात आणि रस्त्यावरची माणसं, गाड्या आहे तिथं थांबतात.

हे सगळं लांबचं वाटलं आम्हाला. तर सरांनी त्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हाला एसटीनं वळिवड्याला नेलं. पंचगंगेकाठच्या या गावात १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, साधारण पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. स्टालिननं सायबेरियात नेऊन टाकलेली, तिथून सुटून इराणमार्गे इथपर्यंत आलेली. त्यांच्या शाळा होत्या इथं, चर्च होतं, नाटकं व्हायची. वॉर्सा जळत होतं तेव्हा ही पोरं आपल्या पंचगंगेच्या काठावर होती! नंतर त्याच छावणीत फाळणीत आलेले सिंधी राहिले, तेच आजचं गांधीनगर, जिथनं आपण सगळे लग्नाचा बस्ता बांधतो. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे, येताना तोही बघितला, त्यावरचं सगळं सरांनी आम्हाला मोठ्यानं वाचायला लावलं.

नव्या इमारतीत व्हरांड्यात डिजिटल बोर्ड बसवणार असं ऐकलं, चांगलंच आहे, आमची बॅच त्यासाठी वर्गणीही देतेय. फक्त त्यावर नेटवरून उचललेल्या दोन ओळी फिरू नयेत, नोंद पोरांनीच शोधावी आणि तिच्या खाली 'पुढं काय झालं' एवढी जागा मोकळी ठेवावी ही विनंती आहे. आणि एक ऑगस्टला वाटेगाव आणि वळिवडं, दोन्ही नावं त्यावर यायलाच हवीत. वळिवड्याचं तर आवर्जून लिहा, कारण ते आमच्या पाठ्यपुस्तकात कुठंच नव्हतं.