दसऱ्यापर्यंत थांबा

श्रावण लागला की आमच्या घराचे मागचे दार कुरकुरू लागते आणि भाद्रपदात तर खांद्याने रेटल्याशिवाय त्याची कडी कोयंड्यात बसत नाही. परवा दुपारी ते असेच अडले, आणि ‘सुताराला बोलावून एकदाचा रंधा मारून घ्या’ हा सल्ला स्वयंपाकघरातून लगोलग आला.

रत्नागिरीकडच्या आमच्या जुन्या घरात दसऱ्याआधी दाराला रंधा लावायचा नाही, असा आजोबांचा दंडकच होता. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या त्या मुलखात लाकूड हवेतला ओलावा पिऊन रुंदीत फुगते, उंचीत मात्र जवळजवळ होते तेवढेच राहते. आषाढात तासलेले लाकूड चैत्रात काही परत येत नाही. मागे राहते ती बोटभर फट, आणि तिच्यातून उन्हाळाभर धूळ, झुरळे व पाली बिनदिक्कत ये-जा करतात. आम्हा मुलांना मात्र हा दंडक जाचक वाटे, कारण उन्हाळ्यात दुपारी गुपचूप सटकता येणाऱ्या त्याच दाराला पावसाळ्यात असा काही कंठ फुटे, की माजघरात पडल्यापडल्या आजी विचारीत असे, ‘कोण रे तो बाहेर चाललाय?’

आजोबा दसऱ्यापर्यंत हातावर हात ठेवून बसत, असे मात्र नाही. चौकटीच्या आतल्या कडेला खडू घासून ते दार एकदा दाबून लावीत आणि दारावर जिथे पांढरे उमटे तेवढ्याच जागी मेणबत्तीचा तुकडा चोळीत. खडूची खूण कुलपाच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात उमटली आणि खालचा कोपराही जमिनीला घासत असला, तर दोष पावसाचा नसून वरच्या सैल बिजागरीचा असतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. अशा वेळी स्क्रू काढून त्याच्या भोकात गुल उडवलेल्या काडेपेटीच्या काड्या फेविकॉल लावून ठोकाव्यात, वर उरलेले तुकडे मोडून टाकावेत आणि गोंद वाळल्यावर तोच स्क्रू पुन्हा पिळावा. या कामासाठी जाडजूड नवा स्क्रू आणणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. जाड स्क्रूचे डोके बिजागरीच्या खळग्यात नीट बसत नाही, ते वर राहते आणि दार आणखीच अडते.

आमच्या दाराची बिजागरी मी हलवून पाहिली, ती घट्ट आहे. तेव्हा मेण चोळून झाले आहे आणि सुताराला दसऱ्यानंतर निरोप द्यायचा, असे मी घरात जाहीर केले आहे. तोवर दार आपणहून सुटेल आणि त्याला बोलावण्याचे कारणच उरणार नाही, हे मात्र मी अजून बोललेलो नाही.

तसा मी काही आळशी नाही. परसातला नळ कित्येक महिने ठिबकतो आहे, त्याचा नवा वायसरही मी आणून ठेवला आहे आणि पान्हा हाताशीच आहे. पण त्या ठिबकणाऱ्या पाण्यावर अळूची पाने सुपाएवढी झाली आहेत, आणि पुढच्या रविवारी अळूवड्या करायचे ठरले आहे.