वरून अडकलेलं दार

भुयारी मेट्रो ३ चं खोदकाम गिरगावात चालू होतं तेव्हा माझं काम जमिनीखाली नव्हतं, लोकांच्या घरांत होतं. रोज सकाळी चाळींचे दादर चढायचे, भिंतींवरच्या क्रॅकमीटरची, भिंत किती कलली ते सांगणाऱ्या टिल्टमीटरची रीडिंग घ्यायची, जोत्यावरच्या खुणा लेव्हल लावून तपासायच्या. जगन्नाथ शंकरशेट रस्ता अरुंद, वरून खड्डा घेऊन अख्खं स्थानक बांधायला जागाच नाही. म्हणून गिरगाव आणि काळबादेवी स्थानकांसाठी 'एनएटीएम' (न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड) ही पद्धत घेतली होती. कातळ थोडाथोडा फोडायचा, लगेच शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट, मारून सावरायचा. खालचा बेसाल्ट टणक, पण चाळी उभ्या वरच्या भरावावर. खाली खोदलेल्या जागेत पाणी झिरपलं की वरच्या मातीतल्या पाण्याची पातळी उतरते, आणि माती बसते.

क्रॅकमीटर म्हणजे प्लास्टिकच्या दोन पारदर्शक पट्ट्या. एकीवर मिलिमीटरच्या चौकटी, दुसरीवर लाल फुली. भेगेच्या एका बाजूला एक चिकटवायची, दुसऱ्या बाजूला दुसरी. फुली सरकली की भेग हलली.

जुलैतली गोष्ट. तीन दिवस झड लागलेली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला दारातच अडवलं.

"अगं, कालपासून दार लागत नाही."

"लाकूड फुगलं असेल आजी, पावसानं."

"फुगलं की ते खालून घासतं. लग्न होऊन आल्यापासून पायानं रेटून लावतेय मी. आज वरून अडकलंय. बघ तू."

माझ्या हातातल्या तक्त्यात त्या खोलीची सगळी रीडिंग मर्यादेच्या आत होती. तरी मान वर करून पाहिलं. फळीच्या वरच्या कोपऱ्यात रंग ताजा खरवडला होता, आतलं लाकूड पांढरं दिसत होतं. दार जिथवर येत होतं तिथे चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारली, वेळ लिहिली. बाकीच्या खोल्या उरकून दोन तासांनी परत आले तेव्हा दार त्या रेघेपर्यंतही येईना.

दारावरची तुळई ज्या खांबावर बसली होती तो खांब खाली पहिल्या मजल्यावर मोरीच्या कोपऱ्यातून जात होता. तिथल्या काकांनी पाण्याचं पिंप बाजूला केलं. खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर त्याला ओला भुसा चिकटलेला. माझे हात थरथरत होते. सरांना फोन लावला, आवाज मात्र ताळ्यावर ठेवला. खालचं काम थांबवलं गेलं, तासाभरात टेकू द्यायला लोखंडी प्रॉप आले, आठ बिऱ्हाडं बाहेर पडली.

आजी निघेनात. देव्हारा आणि औषधांची पिशवी घेऊन दारात उभ्या. "दार उघडं टाकून कशी जाऊ?" शेवटी मुकादमाने सुतळी आणली, मी दोन्ही कड्या बांधल्या. आजींनी गाठ ओढून पाहिली, मगच दादर उतरल्या.

पुढे बैठकांमध्ये वाद झाला, दोष मोरीचा की खोदकामाचा. कुजणं वर्षानुवर्षांचं होतं, हे खरं. पण जमीन त्या महिन्यात जी काही मिलिमीटर बसली, ती बसली नसती तर तो खांब आणखी काही पावसाळे उभा राहिला असता, असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. आणि आमची सगळी यंत्रं विटांच्या भिंतीवर आणि दगडी जोत्यावर बसवलेली होती. एकही लाकडावर नव्हतं. चाळ तर लाकडाच्या सांगाड्यावर उभी होती! त्या आठवड्यात आम्ही प्रत्येक खांबावर हालचाल मोजायच्या खुणा, म्हणजे टार्गेट, चिकटवले, आणि माझ्या तक्त्यात मी हाताने एक रकाना आखला : दारं-खिडक्या. रोज विचारायचं, कोणतं अडकतंय, कुठून अडकतंय.

खांबाच्या जागी लोखंडी चॅनेल बसवल्यावर बिऱ्हाडं परत आली. ९ ऑक्टोबर २०२५ पासून त्या चाळीखालून कफ परेडपर्यंत गाड्या धावतात. मला आठवतो तो परत येण्याचा दिवस. सुतार रंधा घेऊन दाराशी बसलेला, आजींनी त्याला उठवलं. स्वतः दार ओढलं, खालून घासलं तसं पायाने रेटलं, कडी घातली. मग आतूनच म्हणाल्या, "आता बरोबर आहे. लिही तुझ्या कागदावर."