पेंग्विनचे पाय आणि गोठलेला बेडूक

शाळेनं काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी सातवीतला विज्ञानाचा एक तास सांगते. बाईंनी विचारलं होतं, "पेंग्विन महिनोन् महिने बर्फावर उभा असतो, मग त्याचे पाय का गोठत नाहीत?" आम्ही ओरडलो, "पिसं! चरबी!" "पावलांवर कुठे आहेत पिसं?" असं म्हणून बाईंनी आम्हाला ग्रंथालयात पिटाळलं. पुढे मी प्राणिशास्त्राकडे वळले, ती त्या एका प्रश्नामुळे.

त्याचं उत्तर रक्तवाहिन्यांत आहे. पायात उतरणाऱ्या धमन्या आणि वर परतणाऱ्या शिरा एकमेकींना अगदी बिलगून असतात. खाली जाणारं ऊबदार रक्त आपली उष्णता वाटेतच वर येणाऱ्या थंड रक्ताला देऊन टाकतं. पावलांचं तापमान शून्याच्या जेमतेम वर राहतं. ती गोठत नाहीत आणि अंगातली ऊबही बर्फात वाया जात नाही. याच पावलांवर एम्परर पेंग्विनचा नर अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात सुमारे ६५ दिवस अंडं सांभाळतो, तेही उपाशीपोटी.

तिथल्या माशांची तऱ्हा निराळी. समुद्राचं पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसला गोठतं, पण बहुतेक माशांचं रक्त त्याच्या आधीच गोठतं. मग हे मासे जगतात कसे? १९६०च्या दशकात आर्थर डीव्रीज या शास्त्रज्ञांना त्यांच्या रक्तात अशी प्रथिनं सापडली, जी बर्फाच्या कणाला चिकटतात आणि त्याला वाढूच देत नाहीत.

माझा सगळ्यात लाडका मात्र उत्तर अमेरिकेतला वुड फ्रॉग. मुलांनो, हा बेडूक चक्क गोठतो! पालापाचोळ्याखाली त्याच्या ओलसर कातडीवर बर्फ धरू लागला की यकृत आपल्यात साठवलेल्या ग्लायकोजेनची (शरीरातल्या साखरेच्या साठ्याची) साखर करून रक्तात सोडतं. ती पेशींत शिरून आतलं पाणी धरून ठेवते, त्यामुळे बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर. शरीरातलं जवळजवळ दोन तृतीयांश पाणी गोठतं. श्वास थांबतो, हृदयही थांबतं. हात लावला तर अंग दगडासारखं टणक लागतं. अलास्कात हे बेडूक असे सहा-सात महिने काढतात, आणि उन्हं तापली की वितळून उड्या मारत डबक्याकडे निघतात.

प्रत्यारोपणासाठी काढलेलं माणसाचं हृदय थंड ठेवूनही साधारण चार ते सहा तासच टिकतं. अवयव जास्त काळ टिकवायचे कसे, हे शोधणारे संशोधक म्हणूनच या एवढ्याशा बेडकाचा इतक्या बारकाईनं अभ्यास करत आहेत.